जुना कॉम्प्युटर, जुनी कार्डं आणि मोजका खर्च : अपग्रेड कुठून सुरू करायचं

मशीन हळू झालं की सल्ला ठरलेला असतो : "टाकून दे, नवीन घे." ज्याला फक्त ब्राउझर आणि चार एक्सेल शीट उघडायच्या आहेत, त्याच्यासाठी तो सल्ला योग्यही असतो. पण मशीनच्या मागे पॅरलल पोर्टला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला असेल, आत पीसीआय स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरची कार्ड बसवायची जुन्या पद्धतीची खाच) एखादं कॅप्चर कार्ड बसलेलं असेल, किंवा कंपनीने ड्रायव्हर देणं कधीच बंद केलंय असा उत्तम चालणारा स्कॅनर असेल, तर हिशोब बदलतो. नव्या डब्याबरोबर ही सगळी उपकरणंही नवी घ्यावी लागतात आणि खर्च तिथे फुगतो.

अशी बरीच मशीनं मार्गी लावल्यावर माझं मत पक्कं झालंय : अपग्रेड कुठवर करायचं हे प्रोसेसर ठरवत नाही, तुम्हाला ठेवायचं असलेलं जुनं हार्डवेअर ठरवतं. त्यामुळे खरेदी शेवटी. आधी यादी.

हाताशी काय हवं : चांगल्या टोकाचा स्टार फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सीआर२०३२ बॅटरी (मदरबोर्डवरची नाण्यासारखी), दोन पेन ड्राइव्ह, बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क. सॉफ्टवेअरमध्ये सीपीयू-झेड, क्रिस्टलडिस्कइन्फो, मेमटेस्ट८६+ आणि क्लोनझिला. चारही फुकट आहेत. कागदपत्रांत मदरबोर्डचं मॅन्युअल (पीडीएफ चालेल), विंडोजची की, जुन्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स की आणि असतील तेवढ्या ड्रायव्हर सीडी.

१. यादी करा, पण मशीनची नाही, उपकरणांची

एक कागद घ्या आणि चार रकाने आखा : उपकरण, कोणत्या पोर्टला किंवा स्लॉटला लागतं, ड्रायव्हर कोणत्या विंडोजपर्यंत आहे, आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम ३२-बिट आहे की त्याहून जुना. सगळा लेख या चार रकान्यांवर उभा आहे, तेव्हा इथे घाई नको.

तिसरा आणि चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर घेत नाही. कितीही खटपट केली तरी नाही. १६-बिट प्रोग्रॅम, म्हणजे डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातले, ६४-बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. त्यामुळे यादीत एक जरी उपकरण असं निघालं की ज्याचा ड्रायव्हर फक्त ३२-बिट आहे, तर त्या मशीनवरची विंडोज ३२-बिटच राहणार. आणि ती ३२-बिट राहिली तर ४ जीबीच्या वर रॅम घालणं म्हणजे पैसे पाण्यात : त्या ४ जीबीतलेही प्रत्यक्षात साधारण ३ ते ३.५ जीबीच वापरात येतात, कारण उरलेला पत्ता ग्राफिक कार्ड आणि बाकीची कार्डं अडवून बसतात.

मशीनची माहिती सीपीयू-झेडमध्ये मिळेल. मशीन सुरूच होत नसेल तर मदरबोर्डवर स्लॉटच्या मधल्या जागेत मॉडेल नंबर छापलेला असतो. तिथे रिव्हिजनही लिहिलेली असते, तीही टिपून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनना वेगळे प्रोसेसर चालतात असं बऱ्याचदा होतं.

२. तीनपैकी एक वाट निवडा

पहिली वाट : बोर्ड तोच, विंडोज तीच, फक्त एसएसडी (हलते भाग नसलेली वेगवान डिस्क), रॅम आणि गरज असली तर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलायचा. जुनं कार्ड किंवा ३२-बिट ड्रायव्हर हाच अडसर असेल तर हीच वाट.

दुसरी : मशीन तेच, पण लिनक्स. इथे एक गंमत आहे जी विंडोजवाल्यांना सहसा माहीत नसते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच येतात, त्यामुळे ६४-बिट लिनक्सवरही वीस वर्षांपूर्वीचं कार्ड निमूट चालू शकतं. विंडोजने टाकून दिलेले अनेक स्कॅनर 'सेन' या लिनक्सच्या स्कॅनर यंत्रणेवर आजही चालतात. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून स्कॅनर जोडून पाहा. काहीही इन्स्टॉल न करता अर्ध्या तासात उत्तर मिळतं. प्रोसेसर ६४-बिट असेल तर ६४-बिटच घ्या, कारण ३२-बिट लिनक्सचा काळ सरत आलाय. डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलरच नाही.

तिसरी : दोन मशीनं. जुनं मशीन आहे तसं फक्त त्या एका उपकरणासाठी ठेवायचं, रोजच्या कामाला दुसरं सेकंडहँड मशीन घ्यायचं. जागा असेल तर मला ही वाट सर्वांत शहाणपणाची वाटते. एकाच डब्याकडून विंडोज ९८ च्या काळातलं कार्ड आणि आजचा ब्राउझर अशी दोन्ही कामं करून घ्यायचा हट्ट धरला, की दोन्हीकडून मार बसतो.

३. बॅकअप, आणि तोही पूर्ण इमेजचा

फक्त 'माय डॉक्युमेंट्स' कॉपी करून भागणार नाही. जुन्या मशीनवर खरी दौलत असते ती म्हणजे जमून बसलेली विंडोज, त्यातले ड्रायव्हर आणि कधीकाळी कोणीतरी केलेली सेटिंग. क्लोनझिलाने आख्ख्या डिस्कची इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. ड्रायव्हरच्या सीडी, फ्लॉपी असतील तर त्यांच्याही इमेज करून ठेवा. त्या परत वाचल्या जातील याची खात्री दरवर्षी कमी होत जाते.

त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत बघा. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी महत्त्वाच्या. पेंडिंगचा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल तर डिस्कवर बाकी कोणतंही काम करू नका. स्कॅनडिस्क, डीफ्रॅग तर अजिबात नाही. अशा वेळी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं.

सॉफ्टवेअर डोंगलवर (पोर्टला लावायची लायसन्सची छोटी डबी) चालत असेल तर ते कुठल्या पोर्टला आहे ते लिहून ठेवा. काही लायसन्स डिस्कच्या सीरियल नंबरशी बांधलेली असतात आणि डिस्क बदलली की प्रोग्रॅम नवी की मागतो. हे आधीच तपासा, नाहीतर नवीन एसएसडी बसल्यावर कळतं.

४. पैसे खर्च करण्याआधी झाकण उघडा

निम्मी "हळू" मशीनं खरं तर तापलेली असतात. प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये धुळीची गादी झालेली असते आणि थर्मल पेस्टचा खडू. ब्रशने धूळ काढा, जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. पंखा ब्रशने साफ करताना बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

मग कपॅसिटर बघा. प्रोसेसरभोवतीचे ते उभे डबे वरून सपाट हवेत. डोकं फुगलेलं असेल किंवा तपकिरी रस बाहेर आलेला असेल तर त्या बोर्डावर पैसे घालू नका. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बोर्डांत खराब कपॅसिटरची साथच होती. सोल्डरिंग येत असेल किंवा करून देणारा माणूस असेल तर ते बदलता येतात. नाहीतर त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड शोधायचा.

आता बॅटरी. घड्याळ मागे पडत असेल तर सीआर२०३२ बदलायचीच, पण बदलण्याआधी बायोसच्या (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बॅटरी काढली की सेटिंग मूळपदावर जातात. साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) 'आयडीई'वरून 'एएचसीआय' झाला किंवा उलट झालं, तर काल चालणारी विंडोज आज निळा पडदा दाखवते आणि एका बॅटरीपायी लोक विंडोज नव्याने टाकायला बसतात. तोच फोटो पॅरलल पोर्टचा मोड आणि पत्ता परत बसवायलाही लागतो.

एसएमपीएस दहा-बारा वर्षांचा असेल तर बदला. नवा घेताना दोन गोष्टी पाहा. एक, फ्लॉपीचा छोटा चार पिनी प्लग आणि मोठे मोलेक्स प्लग पुरेसे आहेत का, कारण नव्या एसएमपीएसमध्ये ते कमीच असतात. दोन, काही जुन्या ब्रँडेड मशीनांत प्लग दिसायला एटीएक्स या नेहमीच्या मानकासारखाच असतो, पण तारांचा क्रम वेगळा असतो. तो साधा एटीएक्स समजून नवा एसएमपीएस जोडला तर बोर्ड जातो. मॅन्युअलमधला तारांचा तक्ता आणि प्रत्यक्ष तारांचे रंग जुळवून घ्या. आयसा स्लॉटवालं (पीसीआयच्याही आधीचा स्लॉट) मशीन असेल तर आणखी एक भानगड : उणे ५ व्होल्टची लाइन २००३ च्या सुमारास एटीएक्सच्या मानकातून गेली, आणि काही जुनी आयसा कार्डं तीच मागतात.

५. पहिला खर्च : एसएसडी

बजेटमध्ये एकच वस्तू बसत असेल तर हीच. जुना बोर्ड साटा २ चा, म्हणजे ३ गिगाबिटचा असला तरी बिचकू नका. एसएसडीच्या खोक्यावरचा ५५० मेगाबाइटचा आकडा मिळणार नाही, २७०-२८० च्या आसपास अडकेल. पण मशीन चपळ वाटतं ते त्या आकड्यामुळे नाही. हार्ड डिस्कला प्रत्येक लहान फाइलसाठी काटा हलवावा लागतो आणि एसएसडीला तो नसतो, यामुळे. साधी २.५ इंची साटा एसएसडी, २४०-२५६ जीबीची, बास.

जिथे लोक हमखास अडकतात त्या जागा अशा :

एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी एसएसडी) घेऊ नका. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसवायचं अडॅप्टर मिळतं आणि डिस्क विंडोजमध्ये दिसतेही, पण साधारण २०१४ च्या आधीच्या बहुतेक बोर्डांचं बायोस त्यावरून बूट करत नाही. एम.२ आकाराच्या (छोट्या पट्टीसारख्या) एसएसडी साटाच्याही असतात आणि एनव्हीएमईच्याही, दिसायला जवळजवळ सारख्या. घाईत भलतीच गळ्यात पडते.

व्हिया व्हीटी८२३७ किंवा व्हीटी८२३७आर ही चिप असलेल्या बोर्डाला ३ गिगाबिट आणि त्यापुढच्या डिस्कशी वेगाची बोलणी करता येत नाहीत. डिस्क दिसतच नाही. जुन्या हार्ड डिस्कवर वेग उतरवायचा जंपर असायचा, एसएसडीवर नसतो. अशा बोर्डात पीसीआयचं वेगळं साटा कार्ड टाकणं सोपं.

बोर्डावर साटाच नसेल, फक्त चाळीस पिनांची आयडीई असेल, तर आयडीई-साटा अडॅप्टर लावा. त्यावरचा मास्टर-स्लेव्ह जंपर आधी तपासा. त्याच केबलवर सीडी ड्राइव्ह असेल तर दोघांचा मास्टर होऊन चालत नाही. फार जुन्या बायोसला १३७ जीबीच्या पुढची डिस्क पूर्ण दिसत नाही, तिथे १२० जीबीची घ्या.

मोलेक्सवरून साटा पॉवर काढायची केबल घेताना तिचं साटाचं टोक बघा. प्लास्टिक ओतून एकसंध बनवलेलं असेल तर सोडून द्या. आतल्या तारा एकमेकींना टेकून ते टोक वितळल्याची, पेटल्याची उदाहरणं आहेत. तारा मागून स्वतंत्र खोचलेल्या दिसतात तो प्रकार घ्या.

विंडोज एक्सपी ठेवायची असेल तर आणखी थोडं काम. एक्सपीला ट्रिम (कोणती जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणारी सूचना) माहीत नाही, आणि ती पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, जे एसएसडीच्या आतल्या मांडणीशी जुळत नाही. उपाय : नवी एक्सपी टाकायची असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून जीपार्टेडने सुरुवातीची १ एमआयबी (मेबीबाइट) सोडून पार्टिशन आखा आणि मग त्यावर एक्सपी टाका. डिस्कची थोडी जागा, दहावा हिस्सा म्हणा, पार्टिशन न करता मोकळी सोडा. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो, म्हणून बायोसमध्ये आयडीई मोडच ठेवा. थोडा वेग जातो, पण डोकेदुखी वाचते.

विंडोज ७ किंवा १० क्लोन केली असेल आणि आयडीईवरून एएचसीआयवर जायचं असेल, तर आधी विंडोजला तयार करा, मग बायोस बदला. विंडोज १० मध्ये पुढचं बूट सेफ मोडमध्ये लावून बायोसमध्ये बदल केला की ती ड्रायव्हर आपसूक उचलते. विंडोज ७ मध्ये रजिस्ट्रीत 'एमएसएएचसीआय'ची 'स्टार्ट' किंमत ० करावी लागते.

६. दुसरा खर्च : रॅम

बोर्ड डीडीआर२ आहे की डीडीआर३ हे बघूनच घ्या. दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. मॅन्युअलमध्ये एका स्लॉटची कमाल मर्यादा दिलेली असते, तीही पाहा.

डीडीआर२ मध्ये एक नेहमीचा सापळा आहे. ४ जीबीच्या पट्ट्या एका ठिकाणी महाग, दुसरीकडे आश्चर्य वाटावं इतक्या स्वस्त दिसतात. स्वस्तवालीवर बारीक अक्षरात "फक्त एएमडी" असं लिहिलेलं असतं आणि ती इंटेल चिपसेटवर चालत नाही.

पट्टी बसवली की विंडोज सुरू करण्याआधी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवा. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी परत करा. "विंडोज तर चालतेय की" हे उत्तर नाही. खराब रॅम हळूहळू फाइली बिघडवते आणि कळेपर्यंत बॅकअपमध्येही बिघडलेल्याच फाइली जातात.

७. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड

बहुतेकांनी इथे हात आखडता घ्यावा. कोअर २ ड्युओ काढून कोअर २ क्वाड घालता येतो आणि सेकंडहँड स्वस्तही मिळतो, पण बोर्डाच्या यादीत तो असला पाहिजे, बायोस अपडेट जुना प्रोसेसर असतानाच करायचं, आणि जास्तीची उष्णता जुन्या हीटसिंकला पेलली पाहिजे. ग्राफिक कार्ड फक्त मॉनिटरचा पोर्ट जुळत नसेल तरच.

८. जुने पोर्ट : कुठे अडॅप्टर चालतं, कुठे नाही

बोर्डच बदलायची वेळ आली, किंवा तिसऱ्या वाटेवर एखादं जुनं उपकरण दुसऱ्या मशीनलाही लावायचं असेल, तर घोडं इथे अडतं.

पॅरलल : यूएसबी-पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी असते. ती विंडोजला "मी प्रिंटर आहे" एवढंच सांगते. डोंगल, चिप प्रोग्रॅमर, पॅरलल पोर्टवर चालणारं सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारं कापकामाचं यंत्र) यांपैकी काहीही तिच्यावर चालत नाही. त्यासाठी पीसीआय किंवा पीसीआय एक्स्प्रेसचं पॅरलल कार्ड लागतं, आणि तिथेही खोच आहे : जुने प्रोग्रॅम पोर्ट ३७८ या हेक्स पत्त्यावरच शोधतात, कार्डाला भलताच पत्ता मिळतो. प्रोग्रॅममध्ये पत्ता बदलायची सोय आहे का ते खरेदीआधी बघा. नसेल, तर बोर्डावरच पॅरलल पोर्ट किंवा त्याचा हेडर (जोडणीच्या पिना) असलेलं मशीन शोधा. डॉसमधून थेट एलपीटी१ ला (पहिल्या पॅरलल पोर्टला) छापणारा प्रोग्रॅम असेल आणि प्रिंटर आता यूएसबीवर असेल, तर प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' कमांडने एलपीटी१ त्या शेअरला जोडता येतो.

सीरियल : इथे यूएसबी अडॅप्टर बहुतेक वेळा चालतं. एफटीडीआय कंपनीच्या चिपचं घ्या, नकली चिपवाली अडॅप्टरं ड्रायव्हर अपडेट झाला की रुसतात. जुने प्रोग्रॅम कॉम१ ते कॉम४ च्या पुढे बघत नाहीत, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन नंबर खाली आणा. त्याच खिडकीत 'लेटन्सी टायमर' १६ मिलिसेकंद दिसेल. उपकरण मध्येच टाइमआउट देत असेल तर तो १ करा. आणि जे उपकरण पोर्टमधूनच वीज घेतं, जसे जुने माउस किंवा काही मोजमापाची यंत्रं, त्याला अडॅप्टरचा व्होल्टेज कधीकधी पुरत नाही.

पीसीआय : इंटेलने साधारण २०११ पासून नव्या चिपसेटमधून पीसीआय काढायला सुरुवात केली. पुढच्या काही बोर्डांवर पांढरा स्लॉट दिसतो, पण त्यामागे रूपांतर करणारी ब्रिज चिप असते. साउंड कार्ड, सीरियल कार्ड अशा स्लॉटमध्ये सहसा चालतात. वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेली कार्डं चालतीलच असं नाही. आयसा कार्डाला अशी सोपी पळवाट नाही, त्या कार्डासाठी जुना बोर्डच जपायचा.

फ्लॉपी : यूएसबी ड्राइव्ह १.४४ एमबीच्या ३.५ इंची फ्लॉपीला ठीक. ५.२५ इंचीला सहसा बोर्डावरचा ३४ पिनांचा कनेक्टर लागतो.

व्हर्च्युअल मशीनचा सल्ला बरेच जण देतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी टाकून यूएसबी स्कॅनर किंवा सीरियल उपकरण आत देता येतं, आणि ते छान चालतं. पण पीसीआय कार्ड असं आत देता येत नाही, तेव्हा आशा तेवढ्यापुरतीच ठेवा.

९. जुनी विंडोज आणि इंटरनेट

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. उपकरणासाठी एक्सपी किंवा ७ ठेवायची तर त्या मशीनची नेटवर्क केबल काढा. खरंच काढा, "फक्त ब्राउझर वापरत नाही" एवढं पुरत नाही. फाइली पेन ड्राइव्हने न्यायच्या, तो ड्राइव्ह दुसऱ्या, अद्ययावत मशीनवर स्कॅन करायचा. बँक, ईमेल असली कामं त्या जुन्या मशीनवर नाहीत.

१०. जोडणी : एका वेळी एकच बदल

एसएसडी, रॅम, एसएमपीएस सगळं एकदम हातात आलं तरी एकदम बसवू नका. आधी एसएमपीएस, मशीन एक दिवस चालवा. मग रॅम आणि मेमटेस्ट. मग एसएसडी. प्रत्येक टप्प्यानंतर पहिल्या कागदावरचं प्रत्येक उपकरण चालवून बघा : एक पान छापा, एक पान स्कॅन करा, कार्डाचा प्रोग्रॅम उघडा. बिघाड झाला तर तो कशामुळे हे लगेच कळतं.

कार्डं काढावी लागली तर ती ज्या स्लॉटमध्ये होती त्याच स्लॉटमध्ये परत घाला. एक्सपी आणि त्याआधीच्या विंडोज स्लॉट बदलला की कार्ड नवीन समजतात, ड्रायव्हर पुन्हा मागतात, आणि ती सीडी नेमकी सापडत नाही. पीएस/२ (गोल प्लगचे) कीबोर्ड आणि माउस मशीन बंद असतानाच लावायचे-काढायचे.

जुनी हार्ड डिस्क पुसू नका. तारीख लिहून बाजूला ठेवा, निदान तेवढे दिवस, ज्यात यादीतल्या प्रत्येक उपकरणाने नव्या एसएसडीवरून आपलं खरंखुरं काम एकदा तरी केलेलं असेल. वर्षातून एकदाच लागणारा प्रोग्रॅम असेल तर तो लागेपर्यंत.